छत्रीचा सांधा

छत्री म्हटली कीं महाराष्ट्रांतील माणसाला प्रथम पाऊस आठवतो, आणि मागोमाग पहिल्याच वादळांत उलटी झालेली घरांतील एखादी जुनी छत्री आठवते. परंतु प्रस्तुत विषय ज्या छत्रीचा आहे, तिचा पावसाशीं कांहीं संबंध नाहीं. लग्नसमारंभांत, मंगलकार्यालयाच्या एका बाजूला, उंच तिपाईवर उघडून ठेवलेली पांढरी छत्री श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं पाहिली असेल. तिच्याकडे तोंड करून विजेचा एक लहानसा दिवा, म्हणजे फ्लॅश, बसविलेला असतो. छायाचित्रकारानें कळ दाबली कीं तो क्षणभर लखलखतो. छत्री आणि दिवा यांकडे सर्वांचें लक्ष जातें. त्या दोहोंना तिपाईशीं जोडणारा जो मूठभर आकाराचा सांधा, ज्याला बाजारांत ‘अंब्रेला ब्रॅकेट’ म्हणतात, त्याकडे मात्र कोणीच पाहत नाहीं. विकत घेणाराहि पाहत नाहीं, आणि पुढील फजितीचें बीज तेथेंच पेरलें जातें.

या छत्रीचें प्रयोजन काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. फ्लॅशचें तोंड जेमतेम चार-पांच बोटें रुंद. इतक्या लहान जागेंतून निघालेला प्रकाश सरळ चेहऱ्यावर पडला, तर नाकाची छाया गालावर काजळाच्या रेघेसारखी उमटते व मागील भिंतीवर दुसरा एक काळा माणूस उभा राहतो. तोच प्रकाश मीटरभर रुंदीच्या पांढऱ्या छत्रीवर आपटून परत फिरविला, तर प्रकाशाचा उगमच जणूं मीटरभर रुंद होतो. छायेच्या कडा विरघळतात आणि चेहरा डोळ्यांना दिसतो तसा चित्रांत येतो. मात्र छत्री माणसाजवळ असली तरच हें साधतें. ती दूर नेली कीं चेहऱ्याच्या दृष्टीनें ती पुन्हां लहान होते व छाया पूर्ववत् कठोर होतात. म्हणूनच ही छत्री नेहमीं माणसांच्या अगदीं निकट, पुष्कळदां त्यांच्या डोक्याहून थोडी उंच, उभी असते.

क्षणिक प्रकाशाचा पूर्वेतिहास धुराचा आहे. जर्मनींत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनीं इ. स. १८८७ मध्यें मॅग्नेशियमची भुकटी पेटवून प्रकाश पाडण्याची रीत काढली. तिनें खोली धुरानें भरून जाई. इ. स. १९३० च्या सुमारास कांचेचे फ्लॅशबल्ब आले, आणि त्याच दशकांत अमेरिकेंत हॅरल्ड एजर्टन यांनीं वायूनें भरलेल्या नळींतून विजेचा झोत सोडणाऱ्या दिव्याला उपयुक्त रूप दिलें. आजचा फ्लॅश त्याच कुळांतला. पुढें बाल्टिमोर सन या अमेरिकन वृत्तपत्राचे छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनीं २००६ पासून हे लहान फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून वापरण्याची विद्या हौशी लोकांना जगभर शिकविली. मागणी वाढली, तसा स्वस्त सांध्यांचाहि सुकाळ झाला.

सांध्याची रचना साधी आहे. खालीं तिपाईच्या टोंकावर, म्हणजे पांच अष्टमांश इंच जाडीच्या खुंटीवर, बसणारी खोबण. मधोमध बिजागरासारखा वळणारा भाग व तो आवळण्याची मूठ. वरच्या भागांत छत्रीचा दांडा घालण्याचें तिरकें भोंक, आणि माथ्यावर फ्लॅशचा पाय सरकविण्याची खाच, जिला छायाचित्रकार ‘शू’ म्हणतात. एवढ्याशा वस्तूवर भार किती? कॅननचा ६००ईएक्स-आरटी हा फ्लॅश घटांवांचून ४२५ ग्रॅम भरतो. चार घट घातले कीं अर्धा किलो. हें वजन सांध्याच्या वर वीतभर उंचीवर, आणि छत्री त्यापासून हातभर लांब. तराजूच्या दांडीवर लहान वजनहि दूर टांगलें तर पारडें झुकवतें. येथेंहि झुकविणारी शक्ति वजनाप्रमाणेंच अंतरानेंहि वाढते.

उघड्यावर तर वाऱ्याचा हिशेब निराळाच. मीटरभर व्यासाच्या छत्रीवर ताशीं १० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला, तर तो साधारण अर्ध्या किलोच्या भाराइतका रेटा देतो. वेग दुप्पट झाला कीं रेटा चौपट होतो. म्हणजे ताशीं २० किलोमीटरला सुमारें दोन किलो आणि ३० ला साडेचार किलो. समुद्रकांठच्या संध्याकाळीं ३० किलोमीटरची झुळूक कांहीं दुर्मिळ नव्हे.

आतां एखाद्या होतकरू छायाचित्रकाराचें पहिलेंच लग्न डोळ्यांसमोर आणावें. कर्ज काढून कॅमेरा घेतलेला, फ्लॅश चांगल्या प्रतीचा, आणि सांधा दुकानदारानें ‘सगळे हाच नेतात’ म्हणून दिलेला, प्लॅस्टिकचा. मंगलाष्टकें संपत आलीं आहेत. अंतरपाट दूर होतो, अक्षता उधळतात, वधूवर एकमेकांकडे पाहतात. आणि त्याच वेळीं फ्लॅशनें सांध्यासकट मान खालीं टाकलेली असते. प्रकाश वधूच्या मुखाऐवजीं भटजींच्या पाटावर पडतो. तो क्षण पुन्हां मागतां येत नाहीं. वधूपित्याला प्लॅस्टिकची कथा सांगून उपयोग नसतो, आणि ठरलेल्या रकमेंतून त्यानें कांहीं कापून घेतलें तरी त्याला दोष देतां येत नाहीं. याहून वाईट म्हणजे, मान टाकण्याऐवजीं सांधा तुटलाच, तर खालीं पाटाभोंवतीं बसलेलीं लहान मुलें असतात.

सांधा दगा देतो तो चार ठिकाणीं. पहिलें ठिकाण म्हणजे वळणारा भाग. कांहीं सांध्यांत समोरासमोर दांते असतात, ते एकमेकांत अडकून कोन धरून ठेवतात. पण मूठ पुरती सैल न करतां कोन बदलण्याची बहुतेकांना खोड असते. तसें केलें कीं दांत्यांचीं शिखरें एकमेकांवर घासतात, आणि प्लॅस्टिकचे दांते थोड्याच महिन्यांत म्हाताऱ्याच्या दातांसारखे होतात. धातूचे दांते हा छळ पुष्कळ काळ सोसतात. कांहीं सांध्यांत दांत्यांऐवजीं दोन सपाट चकत्या केवळ घर्षणानें एकमेकींना धरतात. त्यांना हवा तो कोन देतां येतो, पण त्यांवर तेलाचा थेंब जरी पडला तरी पकड गेली. घरांतील उत्साही माणसें शिवणयंत्राची तेलाची बुधली घेऊन धांवतात, त्यांना येथें आवरावें.

दुसरें ठिकाण मळसूत्राचें. पोलादाचा स्क्रू प्लॅस्टिकांत सरळ फिरत असेल, तर आटे झिजणारच. पितळेची बाही आंत बसविलेली असेल, तर सांध्याचें आयुष्य वाढतें. तिसरें ठिकाण छत्रीच्या भोंकाचें. दांडे सर्वत्र सारखे नसतात; बहुतेक ८ मिलिमीटरचे, कांहीं ७ चे, तर कांहीं १० चे. बारीक दांडा मोठ्या भोंकांत खुळखुळतो, म्हणून माणूस स्क्रू जोरानें पिळतो, आणि पोकळ दांडा चेपून त्याच भोंकांत कायमचा अडकतो.

चौथें ठिकाण माथ्यावरील खाच, आणि सर्वांत महाग अपघात तेथेंच घडतात. प्लॅस्टिकची खाच तडकते. धातूची खाच मजबूत खरी, परंतु फ्लॅशच्या पायाखालीं विजेचे संपर्कबिंदु असतात, ते उघड्या धातूला टेंकले कीं एकमेकांशीं जोडले जातात. मग फ्लॅश केव्हां आपोआप उडतो, केव्हां मुका राहतो, आणि मालक दिवा बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतो. खाचेच्या तळाशीं विजेच्या तारांना गुंडाळतात त्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला कीं रोग बरा होतो. अलीकडे इंग्रजी एस अक्षराच्या वळणाचे सांधे निघाले आहेत. ते फ्लॅशचा पाय न धरतां त्याचें अंगच दोन बाजूंनीं पकडतात. ते आकारानें बोजड असतात, पण पायावरचा सारा ताण वांचवितात.

हा प्रश्न मुळांत छायाचित्रकारांनींच सोडविला आहे. उत्तर इटलींतील बास्सानो देल ग्राप्पा या गांवीं लीनो मॅनफ्रोट्टो नांवाचे छायाचित्रकार इ. स. १९६० नंतरच्या दशकांत वृत्तपत्रांसाठीं व कारखान्यांसाठीं चित्रें काढीत. हलकी पण मजबूत अशी दिव्याची तिपाई त्यांना बाजारांत मिळेना, म्हणून त्यांनीं स्वतःच ती तयार केली. १९७२ मध्यें त्यांना जिल्बेर्तो बात्तोक्यो हा यंत्रज्ञ सहकारी भेटला, आणि १९७४ मध्यें त्यांची कॅमेऱ्याची पहिली तिपाई बाजारांत आली. मॅनफ्रोट्टो २०१७ मध्यें निवर्तले. त्यांच्या कारखान्याचा ०२६ क्रमांकाचा ॲल्युमिनिअमचा सांधा जुन्या छायाचित्रकारांच्या पिशवींत आजहि आढळतो. प्लॅस्टिकच्या सांध्याहून तो कितीतरी महाग, हें खरें. पण कॅमेऱ्याला हजारों मोजून सांध्याच्या किंमतींत घासाघीस करणें म्हणजे नालेसाठीं घोडें गमावणेंच होय.

नांव कोणतेंहि असो, दुकानांतच परीक्षा करावी. आपला फ्लॅश व आपली छत्री बरोबर न्यावी. सांधा तिपाईवर चढवून, दोन्ही बसवून, मूठ साध्या जोरानें आवळावी आणि छत्रीचें टोंक दोन बोटांनीं हळूच दाबावें. सांधा कुरकुरला किंवा किंचित् जरी सरकला, तर तो परत द्यावा. मूठ आवळतांना आंतील स्क्रू न फिरतां नुसती मूठच फिरते कीं काय, तेंहि पाहावें. छत्रीचें भोंक तिरकें कां, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. दांड्याचा रोंख फ्लॅशकडे कलावा, म्हणजे प्रकाश छत्रीच्या मध्यावर पडतो. सांधा उलटा बसविला कीं अर्धा प्रकाश छताला जातो.

घरीं आणल्यावर फ्लॅशच्या मानेला सुतळीचा फांस घालून तो तिपाईला बांधावा. सांधा तुटला तरी दिवा अधांतरीं लोंबकळतो, कोणाच्या डोक्यावर पडत नाहीं. उघड्यावर वाळूची पिशवी तिपाईच्या पायावर ठेवावी, आणि वारा वाढला कीं छत्री सरळ मिटावी. समुद्रकांठीं काम करून आल्यावर सांधा कोरड्या फडक्यानें पुसावा, कारण खाऱ्या हवेंत पोलादाचा स्क्रू ॲल्युमिनिअमला धरून बसतो. आट्यांना ग्रीसचें नखभर बोट पुरे, तेंहि चकत्यांना न लागतां. झिजणारा भाग बहुतेक वेळां एक स्क्रूच असतो. त्याचा एक जोड फ्लॅशच्या पेटींत, घटांशेजारीं, टाकून ठेवलेला असावा.