चोखोबांच्या समाधीपाशीं



'श्रद्धा आणि देशभक्ति' हा विषय आजच्या भाषणासाठीं मला सुचविण्यांत आला, तेव्हां मी थोडा कचरलोंच. नाणें झिजून त्यावरील छाप पुसट व्हावी, तशी या दोन शब्दांची गत झाली आहे. मी प्राथमिक शाळेंतला शिक्षक. 'माझा देश' या विषयावरचे निबंध मीं आयुष्यभर तपासले. त्यांत हिमालयाचा मुकुट आणि सागराचें पादक्षालन हीं ठरलेलींच. मुलांना नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांनीं दुसरें लिहावें तरी काय? परंतु या शब्दांत अजून जीव आहे, हें मला एका अनोळखी वृद्धानें दाखविलें. त्याचीच हकीकत आज आपणांस सांगतों.

पंढरपुरास महाद्वारांत नामदेवांची पायरी आहे, हें आपण जाणतांच. तिच्यासमोरच चोखोबांची समाधि आहे. मंगळवेढ्याच्या गांवकुसाचें काम चाललें असतां तें कोसळलें आणि त्याखालीं चोखोबा गतप्राण झाले, ही गोष्ट १३३८ सालची. त्यांच्या अस्थि नामदेवांनीं पंढरीस आणल्या, असें परंपरा सांगते. ज्याला जिवंतपणीं दारांतून आंत येऊं दिलें नाहीं, त्याला मरणानंतर दाराबाहेर जागा मिळाली! बहुतेक यात्रेकरू तेथें घाईनें हात जोडतात आणि रांगेकडे वळतात.

मी गेलों त्या दिवशीं गर्दी बेताची होती. ऐंशीच्या घरांतला एक मनुष्य समाधीसमोर उभा होता. धोतर, गळ्यांत तुळशीची माळ, कपाळीं बुक्का; वेष सर्वस्वीं वारकऱ्याचा. त्यानें वहाणा काढून समाधीवर डोकें ठेवलें, दोन पावलें मागें सरला, आणि टाचा जुळवून, छाती पुढें काढून एक कडक सलाम केला. फुलें विकणारी बाईसुद्धां क्षणभर पाहात राहिली.

"माउली, नमस्कार समजला, सलाम समजला नाहीं," मीं म्हटलें.

"नमस्कार चोखोबाला, सलाम आजोबाला," तो हंसून म्हणाला. आम्ही जवळच्या ओट्यावर बसलों. मी शिक्षक असल्याचें कळतांच तो मला 'गुरुजी' म्हणूं लागला.

त्याचे आजोबा पहिल्या महायुद्धाच्या वेळीं पलटणींत गेले होते. १८९२ नंतर महारांची लष्करांतील भरती सरकारनें जवळजवळ बंद केली होती. युद्धांत माणसांची गरज पडली तेव्हां, १९१७ सालीं, १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरतांच १९२१ सालीं ती मोडण्यांत आली. आजोबा गांवीं परतले. बाजाराच्या दिवशीं ते लष्करी कोट घालीत, त्यावर पदक लावीत. वारीला निघतांना मात्र तें पदक काढून डब्यांत ठेवीत. "कां?" असें कोणीं विचारल्यास म्हणत, "पंढरींत राजाचें चालत नाहीं." समाधीपर्यंत यावें, तेथून कळसाकडे पाहावें आणि परत फिरावें, अशा त्यांच्या कितीएक वाऱ्या झाल्या.

"ज्या देवाच्या दारांत अडवतात, त्याचें नांव ते कसे घेत?" मीं विचारलें.

"अडवणारीं माणसें होतीं, गुरुजी. आजोबा देवावर रुसला नाहीं. माणसांवर मात्र रागावलेला होता, तो मरेपर्यंत."

हा राग त्यानें लपविला नाहीं, हें मला फार आवडलें. सहनशीलतेची स्तुति करणें आपणां सुखवस्तु लोकांना नेहमींच सोपें जातें.

पुढें १९४७ सालीं साने गुरुजींनीं हें मंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे रोजीं पंढरपुरांत, तनपुरे महाराजांच्या मठांत, उपोषण आरंभिलें. खुद्द महात्माजींनीं उपोषण सोडण्याची तार केली, तरी ते ढळले नाहींत. १० मे रोजीं मंदिर खुलें करण्याचें मान्य झालें व उपोषण सुटलें. त्यानंतर तीन महिन्यांनीं देश स्वतंत्र झाला. हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. लाल किल्ल्यावर ध्वज चढण्यापूर्वीं एका शिक्षकाला या दारासाठीं अन्न वर्ज्य करावें लागलें.

आजोबा तोंवर हयात नव्हते. "बाप आंत गेला," वृद्ध सांगत होता, "आणि विठोबाच्या पायांवर त्यानें आजोबाचें तें पदक टेकवून परत आणलें."

तो स्वतः १९६४ सालीं महार रेजिमेंटमध्यें भरती झाला. ही रेजिमेंट १९४१ सालीं बेळगांवीं उभारली गेली. आज तींत नाना प्रांतांचे व जातींचे जवान आहेत. १९७१ च्या युद्धांत तो सरहद्दीवर होता. त्या दिवसांविषयीं तो फारसें बोलला नाहीं. एवढेंच म्हणाला, "खंदकांत पंजाबी, बंगाली, आम्ही, एका भांड्यांतून चहा प्यायचों. मला आजोबाची आठवण यायची. त्याला देव बाहेरून मिळाला आणि देशही बाहेरूनच मिळाला. मला दोन्ही आंतून मिळाले. मग माझ्यावर ऋण आहे कीं नाहीं?"

मीं आणखी एक प्रश्न विचारला. तो विचारावा कीं नाहीं, याचा थोडा संकोच वाटत होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्याच्या आप्तांचें काय?

"माझा चुलतभाऊ बौद्ध आहे. भावकी बहुतेक सगळीच," तो शांतपणें म्हणाला. "तो विचारतो, ज्या दारानें आजोबाला उन्हांत उभें केलें, तेथें तूं कशाला जातोस? त्याचें खोटें नाहीं, गुरुजी. बाबासाहेबांमुळें आम्ही माणसांत आलों. चौदा एप्रिलला मीं त्याच्याबरोबर असतों. आणि येथें येतों तो आजोबा उभा होता त्या जागीं उभा राहण्यासाठीं. पुढें आंत जातों, पण आधीं येथें."

दोघा भावांपैकीं कोण बरोबर, हें मीं ठरवूं शकत नाहीं, आणि तसें ठरविण्याचा मला अधिकारही नाहीं. एकाच अपमानांतून दोन स्वाभिमानी माणसें दोन वाटांनीं गेलीं, आणि सणावारीं एका पंक्तीला बसतात, एवढें मात्र मला ठाऊक झालें.

मंगळवेढ्याच्या गाडीची वेळ होत आली होती. उठतां उठतां त्यानें सांगितलें कीं, नात पोलीसभरतीच्या तयारीला लागली आहे, रोज पहाटे धांवते. पुढच्या वारीस तिला बरोबर आणणार.

"दर्शनाला?" मीं विचारलें.

"दर्शन ती घेईलच. आजोबा कोठें उभा राहायचा, ती जागा दाखवायची आहे."