स्मारक दगडाचे आणि पाण्याचे

(नाशिक येथील भाषणाचा मजकूर)



कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात मुद्देनहळ्ळी नावाचे खेडे आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे ते जन्मगाव. त्यांचे घर तेथे संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे, आणि १९६२ साली निधन झाल्यावर समाधीही तेथेच बांधली गेली. गावाने आपल्या सुपुत्राची आठवण ठेवावी, हे उचितच होय. परंतु जन्मात माणसाचे स्वतःचे कर्तृत्व काहीच नसते. म्हणून तो कोठे जन्मला याबरोबरच तो कोठे घडला आणि त्याने कोणता विचार मागे ठेवला, हेही स्मारके उभारणाऱ्यांनी विचारले पाहिजे.

विश्वेश्वरय्या घडले ते महाराष्ट्रात. पितृछत्र लवकर हरपलेल्या या मुलाने बंगळुरास शिकवण्या करून शिक्षण घेतले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यास अभियांत्रिकीचा अभ्यास केला. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली, ती नाशिकला. लवकरच खानदेशात पांझरा नदीच्या खोऱ्यातील कामही त्यांच्याकडे आले.

याच नाशिक-खानदेशच्या नदीकाठी फड पद्धती शतकानुशतके नांदत होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पिकांची फेरपालट करायची आणि पाटकऱ्याने प्रत्येकाला क्रमाने पाणी द्यायचे. हे बंधारे बांधणाऱ्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांच्या जन्मगावी स्मारक नाही.

पुढे नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धती सुचविली, तिचे तत्त्व याच जातीचे होते. मूठभर गावांनी मनमानी पाणी घेण्याऐवजी ते अधिक गावांत पसरावे, प्रत्येक गावात ठरावीक क्षेत्रच भिजावे आणि पिके आळीपाळीने घ्यावीत. धरण बांधणे ही अर्धीच अभियांत्रिकी. पाण्याची वाटणी हा तिचा उरलेला अर्धा भाग होय.

स्मारकावर न कोरली जाणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. नियोजित अर्थव्यवस्थेवर १९३४ साली ग्रंथ लिहिणारा हा द्रष्टा पुरुष. परंतु म्हैसूरचे दिवाणपद त्यांनी सोडले, ते ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या प्रश्नावरील मतभेदातून. पाणी वाटले पाहिजे हे ज्यांना उमगले, त्यांना संधीही वाटली पाहिजे हे पटले नाही. थोर माणसांचा वारसा घ्यायचा तो असा पारखूनच.

आज गंगापूर आणि दारणा धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडायची वेळ आली की नाशिक आणि मराठवाडा एकमेकांसमोर उभे ठाकतात. समन्यायी वाटपाचे तत्त्व २००५ च्या कायद्याने मान्य केले आहे, तरी प्रत्येक टंचाईच्या वर्षी भांडण नव्याने सुरू होते. वरच्या गावाला खालचे गाव परके वाटते, आणि कालव्याच्या तोंडाशी उसाला पाणी मिळत असताना टोकाच्या शेतकऱ्याची ज्वारी वाळून जाते.

१५ सप्टेंबर हा विश्वेश्वरय्यांचा जन्मदिन देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कार्यकर्त्यांनी प्रतिमेला हार अवश्य घालावा. परंतु त्याच दिवशी आपल्या गावच्या पाणीवापर संस्थेत जाऊन, कोणाच्या शेतात किती पाणी गेले, याचा हिशेबही मागावा. मुद्देनहळ्ळीचे स्मारक दगडाचे आहे. नाशिकचे स्मारक पाण्याच्या न्याय्य वाटपाचे झाले, तर ज्या भूमीत त्यांनी नोकरीचा पहिला दिवस घालविला, तिने त्यांचे ऋण फेडले असे म्हणता येईल.