ओसाड वाड्याची राखण
(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



आपल्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली. वास्तू उभारण्यापेक्षा ती सांभाळणे किती कठीण असते, हे येथील विश्वस्तांना मी सांगावयास नको. म्हणूनच ज्या वास्तूंना आज कोणीच वाली उरला नाही, अशा ओसाड वाड्यांविषयी दोन शब्द बोलावेत असे योजिले आहे.

माझ्या आजोळचा वाडा दोन चौकांचा. मामांची मुले व्यवसायानिमित्त शहरांत गेली आणि दिंडी दरवाजाला कुलूप लागले. काही वर्षांनी आम्ही गेलो, तेव्हा कुलूप जागच्या जागी होते; मात्र मागची भिंत फोडलेली होती. सोप्यावरील खांबांचे कोरीव हस्त करवतीने कापून नेलेले होते. गुप्तधनाच्या आशेने देवघराची फरशी उखडलेली होती. आम्ही चोरांना दोष दिला. परंतु खरे सांगावयाचे तर कुलूप आमचे होते, काळजी कोणाचीच नव्हती.

हे केवळ एका घराचे दुःख नव्हे. पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. ती वास्तू अनेक वर्षे न्यायालयीन वादात अडकून जीर्ण होत गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने ताबा घेतला, तेव्हा स्मारकासाठी ती पाडावी लागली. तेथे स्मारक होईल. पण ज्या भिंतींनी त्या मुलींचे पाठ ऐकले, त्या परत येणार नाहीत.

वाडा एकाएकी पडत नाही. प्रथम एक कौल सरकते, तुळईत पाणी मुरते, मग वाळवी येते. एक खिडकी मोडकी राहिली की 'येथे कोणी पाहात नाही' असा निरोप सर्वांना पोहोचतो. मग पत्त्यांचे अड्डे बसतात, भिंतींवर नावे कोरली जातात, शेकोटीसाठी दारे जळतात.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक दालनाची दिनांकासह छायाचित्रे काढून कोरीव कामाची यादी करावी. पावसाळ्यापूर्वी कौले व पन्हळी साफ कराव्यात, भिंतीतील पिंपळाचे रोप लहान असतानाच काढावे. खिडक्या बंद कराव्यात, परंतु हवा खेळती ठेवावी. लाकूड कोंडले तर कुजते. दारावर दिवा असावा. शेजाऱ्याकडे किल्ली व दूरध्वनी क्रमांक द्यावा. महिन्यातून एकदा कोणीतरी आत पाऊल टाकावे. माणसाचा वावर हीच सर्वांत मोठी राखण.

कायदाही आपल्या बाजूचा आहे, पण तो जागृत मालकाचा. अतिक्रमण करणाऱ्याचा प्रतिकूल ताबा बारा वर्षे अखंड चालू दिला, तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार मालकाचा हक्कच लोपू शकतो. म्हणून पहिल्याच घटनेची लेखी फिर्याद द्यावी. इमारतीपासून सुटा केलेला शंभर वर्षांचा कोरीव भाग १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरतो. त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. तेव्हा आपल्या दिवाणखान्यासाठी जुना खांब घेताना तो कोठून आला, हे आपणही विचारले पाहिजे. अचौर्य हे केवळ चोरी न करण्याचे व्रत नाही. चोरीचा माल घेणे हाही त्या व्रताचा अतिचार मानला आहे.

राखण करताना अहिंसेचाही विसर नको. आढ्यावर पारव्यांची घरटी असतील, तर पिले उडून जाईपर्यंत थांबावे आणि मगच जाळी लावावी. आत शिरणारी मुले पुष्कळदा केवळ कुतूहलाने येतात. त्यांना हाकलण्याआधी एकदा हाताला धरून वाडा दाखवावा. ज्याला वाड्याची गोष्ट ठाऊक झाली, तो त्यावर दगड मारीत नाही.

आजोळच्या वाड्याचे उरलेले खांब आता आम्ही भावंडे पाळीपाळीने पाहून येतो. गेलेले हस्त मिळाले नाहीत. आपल्यापैकी ज्यांच्या घराण्याचे कुलूपबंद वाडे असतील, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एकदा ते दार उघडावे, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.