आईचा कॉम्प्युटर आणि आईचा लुडो

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी शेळ्यांमागं. ऐका.

आमच्या घरात कॉम्प्युटर बाप्याचा नाही, माझा आहे. एमएस-सीआयटी मी लग्नानंतर केलं. गटाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवते. हप्ता टाकला की व्याज आणि बाकी आपोआप निघते. तरी वहीसुद्धा ठेवतो, कारण आकडा चुकीचा टाकला तर मशीन उत्तरही चुकीचंच देणार. दर बैठकीला फाइलची नक्कल पेनड्राइव्हवर घेते आणि तो अध्यक्षताईंच्या घरी ठेवायला देते. उद्या माझं घर गळलं तर दोन्ही एकदम जायला नकोत.

आणि हो, मी गेमही खेळते. लुडो. रात्री भांडी झाली की दोन डाव. बाई फोनवर खेळते म्हणून कुजबूज होते. पारावर दिवसभर पत्ते कुटणाऱ्यांना मात्र कुणी विचारत नाही! दोनच डाव, हे लेकीला माहीत आहे. तिसरा सुरू केला की तीच म्हणते, "आई, झाले ना दोन?" मग ठेवावाच लागतो. रात्री सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला, माझाही. आपण उशाशी फोन घेऊन झोपायचं आणि पोरांना रागवायचं, हे चालत नाही.

लहान बाळांचं वेगळं. घास भरवताना फोन दाखवायची सवय गावोगाव दिसते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासापेक्षा जास्त नको.

आता पैशाचं. फुकटचा गेम फुकट नसतो. तो जाहिरातींवर चालतो, नाहीतर मधेच 'जीव' संपवतो आणि म्हणतो, थांबा किंवा पैसे भरा. पोराला काय कळतं? म्हणून फोन देताना दोन गोष्टी करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा. आणि बऱ्याच फोनमध्ये 'ॲप पिन' असतं, ते लावलं की पोर त्या एका गेमच्या बाहेर सहज जाऊ शकत नाही. यूपीआयचा पिन तर लेकरालाही सांगायचा नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. कुणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणालं की फोन ठेवा.

यापेक्षा अवघड गोष्ट सांगते. एका ताईचा हप्ता दोन महिने थकला. विचारलं तर मान खाली. तिसऱ्या बैठकीला बोलली. शेळ्यांसाठी घेतलेलं कर्ज मुलानं पैसे लावायच्या रमीत घालवलं होतं. आधी थोडे जिंकला, मग गेलेले परत आणायला अजून लावले. त्या दिवशी गटात दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, दंड लावा. मला वाटतं, दंड लावला असता तर पुढची बाई गप्पच राहिली असती. शेवटी हप्ता लहान करून दिला, आणि बँकेला जोडलेलं सिम मुलाच्या फोनमधून काढून ताईच्या साध्या फोनमध्ये घातलं.

संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवायला बंदी घातली. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणजे पोरगं अडकलं असेल तर पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. तरीही अशी लिंक कुणी पाठवली तर उघडू नका. फसवून खात्यातून पैसे काढले असतील तर लगेच १९३० ला फोन करा; जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकतात. आणि पोरगं झोपत नसेल, जेवत नसेल, सारखं चिडत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. त्या ताईनं आधी स्वतःच फोन लावला. मुलगा चार दिवसांनी बोलला.