या साहेब!



आमच्या म्हसा भागातील पुष्कळ कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात व पावसाच्या तोंडाशी परततात. मुलांची शाळा मध्येच सुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अशा मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे लागते. विशेष प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. पण पहिला दिवस तर वर्गातच काढायचा असतो! दहा वर्षांचा असाच एक नवा मुलगा पाचवीच्या दारात उशिरा येऊन उभा राहिला. मी म्हणालो, "या साहेब, विराजमान व्हा!" वर्ग खो खो हसला.

रागावलो असतो तर त्याने कारण तरी सांगितले असते. आदराच्या शब्दांना तो काय उत्तर देणार? मधल्या सुट्टीत पोरे त्याला 'साहेब' म्हणू लागली. शिवी असती तर दटावले असते; हा शब्द माझाच होता.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी त्याची माफी मागितली. तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, तू माझं नाव विचारलंच नाहीस." पोरे पुन्हा हसली, त्याच्या 'तू'ला. घरच्या बोलीतल्या त्या 'तू'मध्ये अनादर नव्हता. माझ्या 'या साहेब'मध्ये मात्र होता. मग मी नाव विचारले.