प्रायमर मारायची गन



आज आम्ही रंगाच्या गनविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. आपल्या रेणापूर भागात ऊस होतो. साखर कारखान्याचा हंगाम जवळ आला की ट्रॉल्या आणि टेंपो रंगायला येतात. तुमच्यापैकी काही जण हे काम शिकत आहेत. काहींच्या दारात ट्रॉली उभी आहे. दोघांनीही हे ऐकावे.

रंगाने गाडी शोभते, पण पत्रा टिकतो तो खालच्या प्रायमरने. आणि प्रायमर नीट बसणे हे गनच्या तोंडावर अवलंबून असते. त्या तोंडाला नोझल म्हणतात. त्याचे छिद्र मिलिमीटरमध्ये मोजतात.

घशात औषध फवारायचे यंत्र तुम्ही पाहिले असेल. अमेरिकेत डेव्हिलबिस नावाच्या घशाच्या डॉक्टरांनी तसे यंत्र केले होते. पुढे १९०७ साली त्यांच्या मुलाने त्यावरून रंगाची गन केली. काम तेच. हवा जोराने येते आणि पातळ पदार्थाचे बारीक तुषार करते. पण औषध पाण्यासारखे पातळ, आणि प्रायमर ताकापेक्षा दाट. मग दोघांना एकच छिद्र कसे चालेल?

आमचीच चूक सांगतो. सुरुवातीला आमच्याकडे एकच गन होती. तिचे नोझल १.४ मिलिमीटरचे. वरचा रंग तिने झकास बसे. एकदा ट्रॉलीला दाट, भरणीचा प्रायमर मारायचा होता. गन अडू लागली. आम्ही प्रायमरमध्ये थिनर ओतले. तरी अडली. आणखी ओतले. मग गन सुरेख चालली! आम्ही खूष झालो.

पण थिनर उडून गेले आणि पत्र्यावर नुसता पापुद्रा राहिला. पॉलिशपेपर घासताच ठिकठिकाणी पत्रा उघडा पडला. वरून रंग मारून आम्ही ट्रॉली दिली. एक पावसाळा गेला, आणि रंगाखालून गंज फुगून आला. मालक ट्रॉली घेऊन परत आले. सारे खरवडून आम्ही पुन्हा फुकट काम केले. मजुरी गेली, माल गेला, आणि शब्दही गेला.

मैद्याच्या चाळणीतून भरडा चाळत नाही ना आपण? तसेच हे. चाळणी बदलावी, भरड्यात पाणी घालू नये.

तर मग माप कोणते घ्यावे? साधारण असे धरा. वरच्या रंगाला १.३ ते १.४. गंज अडवणाऱ्या एपॉक्सी प्रायमरला १.४ ते १.६. ओरखडे भरणाऱ्या दाट प्रायमरला, म्हणजे सरफेसरला, १.६ ते २. गनने मारायच्या लांबीला २ ते २.५. पण शेवटचा शब्द डब्याचा. किती थिनर, कोणते नोझल, हवेचा दाब किती, हे बहुधा डब्यावर किंवा त्याबरोबरच्या कागदावर छापलेले असते. आता तुम्हांला आकडे वाचता येतात, ते वाचा. अक्षरे इंग्रजी असली तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. त्यात लाज कसली?

मोठे छिद्र घेतले म्हणजे सारे झाले, असेही नाही. १.४ चे २ केले तर वाट दुप्पट मोठी होते. पातळ माल त्यातून भसाभस येतो आणि ओघळ उतरतात. शिवाय जास्त माल फोडायला हवाही जास्त लागते. कॉम्प्रेसर लहान असला तर गन थुंकू लागते. म्हणून विकत घेताना दुकानदाराला विचारा, "या गनला हवा किती लागते?" आपला कॉम्प्रेसर तेवढी हवा देतो का, ते पाहूनच पैसे मोजा.

जमल्यास दोन गन ठेवा. एक प्रायमरची, एक रंगाची. ते परवडत नसेल तर एकाच गनचे दोन संच घ्या. नोझल, आतली सुई आणि वरची हवेची टोपी, ही तिन्ही एकमेकांच्या मापाची असतात. ती एकत्रच बदला. काम होताच थिनरने धुवा. नोझलच्या छिद्रात तार किंवा खिळा घालू नका. छिद्र वाकडे झाले की फवाराही वाकडा पडतो.

गाडीवर मारण्याआधी जुन्या पत्र्यावर एक हात मारून पाहा. गन वीतभर अंतरावर धरा. फवारा सारखा पडला, तरच गाडीकडे वळा.

शेवटी जिवाची गोष्ट. थिनरची वाफ पेटते. जवळ विडी नको, चूल नको. दार-खिडक्या उघड्या ठेवा. ज्या प्रायमरमध्ये हार्डनर मिसळतात, त्याचे तुषार छातीत गेले तर कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाहीत. त्यासाठी रंगाच्या वाफेचा खास मुखवटा मिळतो, तो नीट बसवून वापरा. लेकरांना लांब ठेवा.

मंडळी, ट्रॉलीचा प्रायमर वरून कोणाला दिसत नाही. पण पावसाळा त्याची परीक्षा घेतो. म्हणून गन हातात घेण्याआधी दोन आकडे वाचा, एक डब्यावरचा आणि एक नोझलवरचा. ते जुळले, तर खुशाल काम सुरू करा.

राम राम.