आरमारातले आमचे दादा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



समितीने मला ‘शिक्षण आणि आपला समाज’ हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्यावर बोलतोच. आपण टाळ्याही वाजवतो. म्हणून आज मी समाजावर न बोलता एकाच माणसावर बोलणार आहे. ते म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, आमचे दादा. ते पुढारी नव्हते, मौलवी नव्हते, आणि पदवीधर तर नव्हतेच. एकवीस वर्षे आरमारात नोकरी करून पेन्शनीवर घरी आलेले ते एक सिग्नलवाले होते. तरीही आमच्या खाडीकाठच्या गावातील मुली आज शिकलेल्या दिसतात, त्याचे बरेचसे श्रेय मी त्यांना देतो. कसे, ते सांगतो.

दादांचा जन्म १९२७ सालचा. उर्दू शाळेत चौथी आणि मराठी शाळेत सातवी, एवढेच त्यांचे शिक्षण. त्या काळी आपल्या दाभोळ खाडीच्या दोन्ही काठांवर घरटी एक तरी माणूस जहाजावर असे. कोणी मुंबईच्या बोटींवर खलाशी, कोणी सारंग, कोणी आफ्रिकेत. आपल्या मुलांना ठाऊक नसेल, पण ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव १९३४ साली धारण केलेल्या त्या वेळच्या आरमारात युद्धापूर्वी जी खलाशी भरती होई, तिच्यात रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांचा वाटा फार मोठा होता. महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या आरमारात दोन हजार माणसेही नव्हती. युद्ध संपेपर्यंत ती संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली. त्या वाढत्या भरतीत १९४३ साली, सोळाव्या वर्षी, दादा ‘बॉय’ म्हणून दाखल झाले. पाठवणी झाली ती कराचीजवळच्या मनोरा बेटावरील ‘बहादूर’ या प्रशिक्षण केंद्रात. सोबत शेजारच्या गावचा एक समवयस्क जोडीदार होता. त्याच्याविषयी पुढे सांगेन.

बहादूरवर सकाळी कवायत आणि दुपारी वर्ग असत. दादा म्हणत, ‘मी मनोऱ्याला लढाई शिकायला गेलो आणि तिथे मला पुन्हा पाटीवर बसवले.’ इंग्रजी ते तेथेच शिकले. हात चपळ, नजर तेज आणि अक्षर स्वच्छ, म्हणून त्यांना सिग्नलचे काम मिळाले. पुढे मुंबईच्या ‘तलवार’ या सिग्नल शाळेत त्यांचे शिक्षण झाले. हे काम काय असते ते थोडक्यात सांगतो. तेव्हा समुद्रावर जवळच्या जहाजाशी बोलायचे तर दोन हातांत दोन झेंडे घेऊन हातांच्या कोनावरून एकेक अक्षर दाखवायचे, म्हणजे सेमाफोर. रात्री किंवा लांबवर दिव्याची उघडझाप करून मोर्स. शिवाय दोरीवर चढवायचे निशाणांचे संकेत वेगळेच. समोरून येणारे प्रत्येक अक्षर पकडायचे, कागदावर उतरवायचे, वेळ लिहायची आणि कागद अधिकाऱ्याच्या हाती द्यायचा. एक अक्षर चुकले तर जहाज भलत्या दिशेला जाईल. आणि मुख्य नियम असा की संदेश ज्याच्या नावाचा, त्यालाच तो कळला पाहिजे. सिग्नलवाल्याने तो वाचायचा, पण पोटात ठेवायचा. हा नियम कृपया लक्षात ठेवा, कारण माझे पुढचे सगळे सांगणे त्यावर उभे आहे.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वरील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध संप पुकारला. पाहता पाहता तो मुंबई बंदरातील जहाजांवर आणि कराचीपर्यंत पसरला. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग होते. जहाजांवर काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तीन झेंडे एकत्र चढले. २३ फेब्रुवारीला खलाशांनी माघार घेतली, पण तोवर मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे बळी गेली होती. हे आता पुस्तकांत आहे. दादा त्या वेळी बंदरात एका जहाजावर होते. या प्रकरणाबद्दल ते फारसे बोलत नसत. डाळीत खडे होते, हे ते सांगत. आणि एका जहाजावरून दुसऱ्यावर निरोप पोचवण्यासाठी झेंडे घेऊन दिवसभर उभे राहिल्याने खांदे भरून आले होते, हेही सांगत. संप लढाऊ होता की नव्हता, यावर वाद घालणाऱ्यांना ते चहा पाजून वाटेला लावीत.

त्यापेक्षा कठीण प्रसंग १९४७ साली आला. देशाबरोबर आरमाराचीही वाटणी झाली. जहाजे वाटली गेली आणि माणसेही. नियम असा होता की पाकिस्तानच्या हद्दीतला मुसलमान तिकडे जाणार आणि हिंदुस्थानच्या हद्दीतला बिगर मुसलमान इकडे राहणार. परंतु हिंदुस्थानात घर असलेल्या मुसलमानाला मात्र निवड करायची होती. एका फॉर्मवर लिहून द्यायचे होते. दादांचे वय तेव्हा वीस. त्यांचे सारे शिक्षण कराचीतले, जोडीदारही मुसलमान, आणि त्या जोडीदाराचे मामा आधीच कराचीत स्थायिक झालेले. त्याने तिकडचे लिहून दिले. दादांनी इकडचे. अधिकाऱ्याने त्यांना दोनदा विचारले, नीट विचार केलास ना म्हणून.

मी कॉलेजात असताना त्यांना विचारले होते की हा निर्णय तुम्ही कसा घेतलात. माझ्या मनात मोठमोठ्या कल्पना होत्या, इतिहासाचा विद्यार्थी होतो ना! दादा म्हणाले, ‘त्यात विचार काय करायचा होता? आई इथे, बापाची कबर इथे, आणि सावकाराचे कर्जही इथेच.’ असे म्हणून हसले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘तो गेला ते त्याला बरोबर वाटले म्हणून. त्याला वाईट म्हणू नकोस.’

आजकाल कोणीही उठतो आणि आपल्या मुलांना विचारतो की तुम्ही या देशाचे किती? असा प्रश्न आला की काही मुले संतापतात, काही खाली मान घालतात. मला वाटते, दोन्हीची गरज नाही. हा प्रश्न एकदा सरकारी कागदावर छापून विचारला गेला होता आणि खाडीकाठच्या एका विशीतल्या पोराने त्याचे उत्तर सही करून दिले होते. दादांनी ती गोष्ट कधी मिरवली नाही. युद्धपदक आणि १९४७ चे स्वातंत्र्यपदक दादीच्या पेटीत, साड्यांच्या खाली, एका रुमालात असत.

पुढची नोकरी मी भराभर सांगतो. १९४८ साली ‘दिल्ली’ ही क्रूझर आली. तीच मूळची ‘अकिलिस’, जिने १९३९ मध्ये जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’शी झुंज दिली होती. १९५६ साली त्या लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला, तेव्हा ‘अकिलिस’चे काम ‘दिल्ली’नेच केले. दादा तेव्हा तिच्यावर होते. ‘मी सिनेमात आहे, पण दिसत नाही,’ असे ते सांगत. डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या कारवाईतही ते तिच्यावरच होते. परीक्षा देत देत ते ‘योमन ऑफ सिग्नल्स’ झाले, म्हणून गाव त्यांना योमनसाहेब म्हणू लागले. योमन म्हणजे काय हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते, पण मान मोठा होता. १९५६ साली सगळ्या जगाने संदेशाची इंग्रजी मुळाक्षरे बदलली. ‘एबल, बेकर’ गेले आणि ‘अल्फा, ब्राव्हो’ आले. तेरा वर्षांची सवय मोडून दादांना नवी बाराखडी पाठ करावी लागली. माझ्या वर्गात एखादा मुलगा अभ्यासक्रम बदलल्याची तक्रार करतो तेव्हा मी त्याला ही गोष्ट ऐकवतो.

१९६४ साली ते घरी आले, आणि आता मी मूळ मुद्द्यावर येतो. गावातले पुरुष आफ्रिकेत, मुंबईत किंवा जहाजावर असत, आणि काही वर्षांनी आखातात जाऊ लागले. त्यांची पत्रे येत. घरी बायका निरक्षर. मग पत्र घेऊन बायका योमनसाहेबांच्या ओटीवर येत. पदराखालून पत्र काढायचे, दादांनी वाचायचे, त्यांनी खाली मान घालून ऐकायचे. मनीऑर्डर किती, सासूची तक्रार काय, मूल का होत नाही, सगळे सगळे एका परक्या पुरुषाच्या तोंडून. उत्तरही तोच लिहिणार. दादी सांगत असे की एके दिवशी एक बाई पत्र ऐकता ऐकता रडू लागली, तेव्हा दादांनी पत्र अर्धेच ठेवले, घडी घालून तिच्या हातात दिले आणि उठून खाडीवर गेले. रात्री जेवताना म्हणाले, ‘हा संदेश माझ्या नावचा नव्हता.’

दुसऱ्याच वर्षापासून आमच्या ओटीवर संध्याकाळी मुलींचा वर्ग सुरू झाला. कंदील, पाट्या आणि दादांची छडी. छडी फक्त नकाशा दाखवायला. पुढे माझ्या फुफीने गावची सातवी पूर्ण केली, आणि दादांनी तिला लाँचने गोवळकोटला आणि तेथून चिपळूणला नातेवाइकांकडे शिकायला ठेवण्याचे ठरवले. तेव्हा जमातीच्या बैठकीत विषय निघाला. वयात आलेली मुलगी, खाडीपलीकडे, एकटी! वडीलधारी मंडळी चांगली होती, फक्त घाबरलेली होती. दादा वाद घालणारे नव्हते. त्यांनी एकच विचारले : ‘तुम्ही परदेशी असता तेव्हा तुमच्या घरची पत्रे कोण वाचतो? मी वाचतो. तुमच्या बायकांना तुम्ही काय लिहिता ते मला सगळे ठाऊक आहे. तुम्हांला हे चालते का?’

बैठकीत कोणी बोलले नाही म्हणतात. बोलणार तरी काय? फुफी चिपळूणला गेली. जाण्याच्या दिवशी दादांनी दारातल्या काठीवर निळ्या कापडावर मध्ये पांढरा चौकोन शिवलेले निशाण चढवले. बंदरातल्या जहाजावर हे निशाण चढले की अर्थ होतो, जहाज निघत आहे, सर्वांनी वर यावे. पुढच्या जूनमध्ये त्या लाँचवर गावच्या आणखी तीन मुली होत्या. फुफी पुढे प्राथमिक शिक्षिका झाली आणि तिने चौतीस वर्षे नोकरी केली. आज या सभागृहात बसलेल्या काही आया तिच्या विद्यार्थिनी आहेत.

त्या जोडीदाराचे सांगायचे राहिले. पन्नासच्या दशकात त्याची कराचीहून दोन पत्रे आली. १९६५ नंतर काहीच आले नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. तो दिवस आता नौदल दिन म्हणून पाळला जातो. बातमी आली तेव्हा गावाने आमच्या ओटीवर गर्दी केली होती आणि दादांनी स्वतः गूळ वाटला. सगळे गेल्यावर ते बराच वेळ रेडिओजवळ बसून होते, बुडालेल्या जहाजांची नावे पुन्हा सांगतात का ते ऐकत. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसत नाही. ज्यांना दिसते त्यांनी कधी मित्र गमावलेला नसावा.

२००९ साली, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, दादा अल्लाहला प्यारे झाले.

आता विद्यार्थ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. नौदलात खलाशी भरती २०२२ पासून ‘अग्निवीर’ म्हणून होते आणि ती मुलींनाही खुली आहे. २८ मार्च २०२३ रोजी ओडिशातील चिल्का येथून पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात २७३ मुली होत्या. एस.एस.आर. भरतीसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते, म्हणून दहावीनंतर गणित सोडण्यापूर्वी विचार करा. दादांसारखी एकवीस वर्षे आणि पेन्शन असा हिशेब मात्र यात नाही. मुदत चार वर्षांची, आणि पुढे कायम होणार ते पंचवीस टक्क्यांपर्यंतच. पालकांनी हे समजून घेऊनच मुलांना पाठवावे.

दुसरी गोष्ट. दादांनी निवृत्तीनंतरही सिग्नलच्या नोंदवहीसारख्या वह्या लिहिल्या. वेळ चार आकडी, वारा, भरती, कोण गावाला गेले, कोण आले, कोणत्या मुलीने कोणता धडा वाचला. अशा पाच वह्या आमच्या घरी आहेत. त्या मी आजच मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत असून ग्रंथालयात त्या कोणालाही पाहता येतील. तुमच्या घरीही जुने जहाजी असतील. या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. जहाजाचे नाव, साल, बंदर आणि सोबत्यांची नावे लिहून आणा. आठवी-नववीच्या मुलांची वही मी स्वतः तपासीन. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही.

 खुदा हाफिज. जय हिंद.